अ‍ॅग्रीएबल ग्रे की रिपोज ग्रे?

शेडकार्डवर दोन्ही बघितले तर वाटतं एवढी डोकेफोड कशाला, सारखेच तर आहेत. दोन्ही शेरविन विल्यम्स या रंग कंपनीचे भिंतीचे रंग, दोन्ही फिकट करडे, आणि एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा (शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा), तो अ‍ॅग्रीएबलचा 60 आणि रिपोजचा 58. त्यामुळे खोली कुठल्याने जास्त उजळेल हा वाद घालूच नका, खरा फरक आहे अंडरटोनचा, म्हणजे मुख्य रंगाखालून डोकावणाऱ्या झाकेचा.

अ‍ॅग्रीएबल (शेड नंबर 7029) मध्ये बेज आहे, ग्रे आणि बेजच्या या मिश्रणाला हल्ली सगळे ग्रेज म्हणतात. लाकडी फर्निचर, क्रीम टाइल्स, पितळी हँडल, कशाशीही जमवून घेतो. फक्त रात्री 2700 केल्विनचे पिवळसर दिवे लावले की ग्रे कुठे गेला म्हणून शोधावा लागतो. रिपोज (7015) त्याच्यापेक्षा थंड, ग्रे हवा असेल तर हा ग्रे वाटतो तरी, पण उजेड कमी पडला की कधीकधी जांभळट झाक मारतो आणि ती एकदा दिसली की मग दिसतच राहते! उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळपास येत नाही, उजेड निळसर असतो, तिथे रिपोज मला तरी उदास वाटतो, दक्षिणेच्या उन्हात मात्र एकदम झकास.

भिंतीवर छोटा चौकोन रंगवून ठरवू नका, जुना रंग शेजारी असला की डोळा फसतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेने पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या, मग तो उभा धरून फरशीला टेकवा, सोफ्यामागे ठेवा, सकाळी बघा आणि दिवे लावून पण बघा. फरशी बदलणार नसाल तर शेवटचा शब्द तिचाच.

घरभर एकच रंग द्यायचा असेल तर माझं मत डोळे झाकून अ‍ॅग्रीएबलला. फरशी पांढरी-करडी आणि ऊन भरपूर असेल तरच रिपोज, आणि मग दाराच्या चौकटी स्वच्छ पांढऱ्या ठेवा, क्रीम ठेवल्यात तर रिपोजशेजारी त्या मळलेल्या दिसतात.