यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि ॲक्टिव्ह स्पीकर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी शास्त्रीय गायन शिकवते. माझे बरेचसे विद्यार्थी आता पुण्याबाहेरून, काही तर परदेशातून शिकत असल्यामुळे संगणकातून येणारा आवाज हा माझ्यासाठी करमणुकीचा नव्हे, तर रोजच्या कामाचा विषय झाला आहे. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला स्पीकर जोडून बरेच दिवस काम चालले. परंतु त्या जॅकमधून आवाजाबरोबर एक बारीक खरखर सतत येत असे, आणि तानपुरा मंद ठेवला की ती अधिकच जाणवत असे. म्हणून दोन इनपुट असलेला एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणारी छोटी पेटी), पाच इंची वूफरचे दोन ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेले, स्पीकर आणि एक कंडेन्सर माइक अशी मांडणी मी केली. गेल्या पावसाळ्यापासून ती रोज वापरात आहे.

खरेदीपूर्वी एक गोष्ट नीट पाहावी, कारण बाजारात तिच्याबाबत बराच गोंधळ आहे. ‘यूएसबी स्पीकर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त जोड्यांमध्ये यूएसबीची वायर फक्त वीज घेण्यापुरती असते आणि आवाज मात्र साडेतीन मिलिमीटरच्या पिनेतूनच जातो. असा स्पीकर जोडल्यावर संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये नवे उपकरण दिसत नाही. खरखर तर जात नाहीच. उलट वीज आणि आवाज एकाच संगणकातून दोन वायरींनी घेतल्यामुळे ती पुष्कळदा वाढते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. त्यामुळे फक्त यूएसबीच्या विजेवर चालणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर शंभर वॅट छापलेले असले, तरी त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. इंटरफेसचे काम निराळे आहे. तो संगणकाकडून आकडे घेतो, त्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर लॅपटॉपच्या बाहेर स्वतःच्या सर्किटमध्ये करतो आणि तो संकेत विजेची स्वतंत्र जोडणी असलेल्या स्पीकरकडे देतो.

जोडणी सोपी आहे. मॅक आणि लिनक्सवर बहुतेक इंटरफेस निराळा ड्रायव्हर न घालता चालतात. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीच्या उपकरणांसाठीचा ड्रायव्हर २०१७ च्या विंडोज १० अद्ययावतीकरणापासून अंगभूत आहे. तरीही विंडोजवर उत्पादकाने दिलेला एसिओ (ASIO, कमी विलंबाने आवाज नेणारा) ड्रायव्हर घालणे हिताचे ठरते; त्याचे कारण पुढे येईल. वायरींबाबत मात्र एवढेच सांगते, की दोन चॅनेलचा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा आवाज सेकंदाला सुमारे २३ लाख बिट इतकाच असतो आणि यूएसबीची जुनी १२ मेगाबिटची गतीसुद्धा त्याला पुरून उरते. ‘खास ऑडिओसाठी’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या यूएसबी केबलवर पैसे घालवू नयेत.

पहिल्या आठवड्यातच खरा प्रश्न समोर आला, तो हमचा. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून एक खोल ‘घूंऽ’ सुरू होई आणि चार्जर काढला की तो तत्क्षणी थांबे. सिनेमा पाहणाऱ्याला तो कदाचित जाणवणारही नाही, परंतु गाण्याच्या शिक्षणात त्याचा उपद्रव किती होतो हे आकड्यांनीच सांगता येईल. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हम ५० हर्ट्झचा आणि त्याच्या १००, १५० अशा पटींचा असतो. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) हा षड्ज धरणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर आणि पहिली, मंद्र पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झवर असते. तीव्र मध्यम ९८ च्या आसपास येतो. म्हणजे हमचा १०० हर्ट्झचा सूर बरोबर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये जाऊन बसतो आणि पंचमाच्या तारेशी त्याची टक्कर होऊन सेकंदाला चारेक वेळा आवाज कमी-जास्त होताना ऐकू येतो. माझ्याकडचा तानपुरा मिरजेत बनलेला आहे, जवारी उत्तम आहे, तार अचूक लागलेली आहे, आणि तरीही स्पीकरमधून ऐकवलेल्या त्याच्याच ध्वनिमुद्रणात पंचम डळमळतो आहे, हे ऐकणे मला असह्य होते. नवशिक्याचा कान अशा पंचमावर घडू नये, एवढी तरी काळजी शिकवणाऱ्याने घ्यायलाच हवी.

या हमचे मूळ अर्थिंगमध्ये आहे. लॅपटॉपच्या तीन पिनांच्या चार्जरमधून एक अर्थिंग येते, स्पीकरच्या तीन पिनांच्या प्लगमधून दुसरी, आणि यूएसबी व ऑडिओच्या वायरींच्या जाळीतून ही दोन्ही पुन्हा एकमेकींना जोडली जातात. असे एक वेटोळे पूर्ण झाले की दोन सॉकेटांच्या अर्थिंगमधील अगदी थोड्या फरकानेही त्यातून विजेचा बारीक प्रवाह वाहू लागतो आणि स्पीकरमधला ॲम्प्लिफायर तो इमानाने मोठा करून ऐकवतो. जुन्या इमारतींतील वायरिंगमध्ये हा त्रास अधिक होतो. यावर दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत अनेक जण एकच सल्ला देतात, की स्पीकरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावा. हा सल्ला कोणीही मानू नये. अर्थिंगची पिन माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते आणि धातूच्या अंगाच्या उपकरणावर ती काढून टाकणे म्हणजे दोषाच्या वेळी त्या धातूत वीज उतरू देणे होय.

सुरक्षित उपाय तीन आहेत आणि मी ते याच क्रमाने करून पाहिले. लॅपटॉप आणि दोन्ही स्पीकर चांगल्या अर्थिंगच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणल्याने हम बराच कमी झाला, पण गेला नाही. त्यानंतर इंटरफेस आणि स्पीकर यांच्यामधल्या साध्या आरसीए (घरगुती ऑडिओ उपकरणांच्या) वायरी काढून बॅलन्स्ड वायरी लावल्या, म्हणजे एका टोकाला ६.३५ मिलिमीटरची तीन भागांची टीआरएस पिन आणि दुसऱ्या टोकाला एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचा गोल जोड. बॅलन्स्ड वायरीत एकच संकेत एका तारेतून सरळ आणि दुसरीतून उलटा करून पाठवला जातो आणि स्पीकर त्या दोहोंतील फरक तेवढा घेतो. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला हम वजाबाकीत नाहीसा होतो. माझ्या खोलीत हम तिथेच थांबला. ज्यांच्या स्पीकरला फक्त आरसीए किंवा साडेतीन मिलिमीटरचे इनपुट आहे, त्यांच्यासाठी तिसरा उपाय उरतो: अर्थिंगचे वेटोळे तोडण्यासाठी मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा यूएसबी आयसोलेटर बसवणे. मात्र स्वस्त यूएसबी आयसोलेटरांपैकी बरेचसे १२ मेगाबिटच्या गतीपुरतेच असतात, आणि दुसऱ्या पिढीचा वेगवान इंटरफेस त्यांच्यामागे चालेलच असे नाही, हे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. इंटरफेस निवडताना २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ अशा आकड्यांकडे पाहण्याऐवजी त्याला बॅलन्स्ड आउटपुट आहे का आणि स्पीकरला तसे इनपुट आहे का, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

मधूनमधून येणारा ‘टक्’ असा आवाज ही दुसरी तक्रार होती. यूएसबीवरून आवाज पाठवताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा मागवला जात नाही, कारण तेवढा वेळच हाती नसतो. फाइल कॉपी करताना जी तपासणी आणि पुनरावृत्ती होते, ती इथे नसते. माझा इंटरफेस एका हबमध्ये हार्डडिस्कच्या शेजारी होता. तो थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावल्यावर आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीला झोपवणारा ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद केल्यावर हा आवाज पुन्हा आला नाही.

गाणाऱ्यांसाठी विलंबाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर (आवाज पुढे देण्यापूर्वी संगणक साठवतो तो तुकडा) ठेवला तर एका दिशेने सव्वापाच मिलिसेकंदांचा उशीर होतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज पावणेदोन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे हा उशीर समोर बसलेल्या साथीदाराच्या अंतराइतकाच आहे आणि तो सहज चालतो. विंडोजवर बफर इतका लहान ठेवून स्थिर काम होण्यासाठीच एसिओ ड्रायव्हर लागतो. स्वतःचा आवाज हेडफोनवर ऐकायचा असेल तर इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरचे बटण वापरावे, म्हणजे आवाज संगणकात जाऊन परत येण्याची गरजच राहत नाही. ब्लूटूथच्या साध्या जोडणीत उशीर सहसा शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो. ऐकायला ती ठीक, पण रियाजाला निरुपयोगी आहे. दूरच्या विद्यार्थ्याबरोबरचा उशीर मात्र इंटरनेटचा असतो आणि कोणताही इंटरफेस तो कमी करू शकत नाही, त्यामुळे एकत्र गाण्याची अपेक्षा ठेवून कोणी हा खर्च करू नये.

आणखी एक सेटिंग शिकवणाऱ्यांनी आवर्जून पाहावे. व्हिडिओ कॉलची बहुतेक ॲप सलग चालणारा आवाज गोंगाट समजून दाबून टाकतात आणि तानपुरा तर सलगच असतो. झूममध्ये संगीतासाठी मूळ आवाज तसाच पाठवण्याचा पर्याय आहे. तो चालू केल्यावर आणि माइक व स्पीकर या दोन्ही ठिकाणी इंटरफेसच निवडल्यावर विद्यार्थ्यांना तानपुरा अखंड ऐकू येऊ लागला. त्या पर्यायात प्रतिध्वनी रोखण्याची सोयही बंद केली असेल तर वर्गाच्या वेळी स्पीकर बंद ठेवून हेडफोन लावावेत.

ज्यांना फक्त गाणी ऐकायची आहेत आणि जागा थोडी आहे, त्यांना एवढ्या मांडणीची गरज नाही. यूएसबी-सी चा एखादा छोटा अडॅप्टर, ज्यात रूपांतराची चिप असते, आणि चांगले हेडफोन यांत उत्तम काम होते. मात्र कंडेन्सर माइक लागणार असेल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टचे फँटम पॉवरचे (माइकला त्याच्या वायरीतूनच वीज देणारे) बटण आहे याची दुकानातच खात्री करून घ्यावी, आणि त्याच खेपेला बॅलन्स्ड वायरींची जोडीही घ्यावी, कारण ती खोक्यात सहसा येत नाही.