तळ्यात अमोनिया वाढला तर: पाणी बदलावे, झिओलाइट वापरावे की जैविक गाळणी बसवावी?

तपासणी-किट दाखवते तो आकडा बहुधा एकूण अमोनियाचा असतो. माशांना घातक ठरतो तो त्यातला आयन न झालेला भाग, आणि तो किती हे मुख्यतः सामू (pH, पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) व तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर हा भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, ८ ला पाच टक्क्यांवर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाच्याही पुढे. हिरव्या पाण्याच्या तळ्यात सामू दुपारनंतर चढतो, म्हणून केवळ सकाळच्या तपासणीवर विसंबणे धोक्याचे आहे.

मासे शरीरातला अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. पाण्यातच तो साचला की रक्तात तुंबतो. मासे खाद्याकडे पाठ फिरवतात, कल्ल्यांच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागतात. प्रमाण कमी पण सततचे असेल तर मरतूक दिसत नाही, मात्र वाढ खुंटते आणि रोग लवकर जडतात.

तातडीच्या वेळी खाद्य थांबवून पाणी बदलणे हाच उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण निम्मे पाणी बदलले की अमोनियाही जवळपास निम्मा होतो. मात्र नव्या पाण्याचा सामू आधी तपासावा. तो बराच जास्त असेल, तर उरलेला अमोनिया अधिक विषारी होईल.

झिओलाइट हे सच्छिद्र खनिज गोड्या पाण्यात अमोनियम, म्हणजे अमोनियाचा आयन झालेला भाग, धरून ठेवते. निमखाऱ्या पाण्यात सोडियम त्यातली जागा अडवतो आणि खर्च वाया जातो. मोठ्या तळ्याला ते लागतेही फार. मत्स्यबीजाच्या लहान टाक्यांसाठी ते योग्य.

पाणी फिरवून वापरणाऱ्या टाक्यांना जैविक गाळणीशिवाय पर्याय नाही. तिच्यातले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात, पण ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि मधल्या काळात वाढणारे नायट्राइट माशांचे रक्त तपकिरी करते. शिवाय एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सात ग्रॅम क्षारता (सामू स्थिर ठेवणारे पाण्यातले घटक) खर्ची पडते. म्हणून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) अखंड चालावा आणि क्षारता नियमित मोजावी.

कोणताही मार्ग निवडा, अमोनिया चढलेला असताना तळ्यात कळीचा चुना टाकू नका. त्याने सामू एकदम वर जातो.