जुन्या दोन खोल्या: आधी गिलावा, पंखा की प्युरिफायर?

पेठेतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर गच्ची. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. वारा पुढच्या खिडकीतून यायचा आणि मागच्या मोरीकडून जायचा, एवढीच वाट. मिरचीची फोडणी पडली की बाहेरच्या खोलीत आबा शिंकायचे. घर नीट करायला काढलं तेव्हा मिस्त्री सिमेंट म्हणत होता, धाकटा भाऊ हवेचा प्युरिफायर, आणि पैसे मोजके होते. असंच घर हाताशी असेल तर हे वाचा.

भिंत: चुना की सिमेंट? आमची भिंत चुन्यात बांधलेल्या विटांची. अशी भिंत जमिनीतली ओल ओढते आणि गिलाव्यातून हळूहळू बाहेर टाकते. आधीच्या गवंड्याने खाली तीन फूट सिमेंट मारून वर पुट्टी आणि ऑइलपेंट लावला होता. ओल थांबली नाही, वर सरकली. दुसऱ्या पावसाळ्यात साडेचार फुटांवर लोणा (ओलीबरोबर येणारे पांढरे क्षार) फुटला आणि पोपडे गादीवर पडायला लागले. चुन्याच्या गिलाव्याला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते आणि जाणता कारागीर शोधावा लागतो. तरी जुन्या विटांच्या भिंतीला मी चुनाच सांगेन. घर आरसीसीचं, सिमेंटमधल्या विटांचं असेल तर या वादात पडू नका, सिमेंट ठीक आहे.

आधी एक करा: भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी बघा. पाणी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असेल तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला असेल तर घरातली वाफ बाहेर जात नाही, आणि तिथे गिलावा बदलून काही होणार नाही.

गच्ची. खाली पीओपीची छत लावली की खोली देखणी दिसते, पण उंची जाते आणि स्लॅबची गळती डाग पडेपर्यंत कळत नाही. चायना मोझॅक, म्हणजे गच्चीवर बसवलेले फरशांचे तुकडे, वर्षानुवर्षं टिकतं, उन्हाळ्यात फरकही पडतो, मात्र वजन वाढतं. जुन्या स्लॅबवर अभियंत्याला विचारल्याशिवाय नको. पांढरा उष्णतारोधक रंग सगळ्यांत स्वस्त. धुळीने मळतो, उन्हाळ्याआधी धुवावा लागतो, काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. आम्ही तोच मारला.

हवा. घरातली हवा सगळ्यांत जास्त बिघडते ती ओट्याशी. मग उदबत्ती आणि डासांची कॉइल. पाइप बाहेर काढलेली चिमणी उत्तम, पण बाहेरची भिंत जवळ हवी. बिनपाइपची चिमणी तेल आणि वास थोडा धरते, वाफ नि गॅस जळून झालेले वायू खोलीतच सोडते. ती घेण्यापेक्षा साधा एक्झॉस्ट बरा. फक्त जागा बघून बसवा. आमचा पहिल्यांदा खिडकीच्या डोक्यावरच बसवला होता. उदबत्ती धरून पाहिलं तर खिडकीतली हवाच तो पंखा गरगर ओढत होता, आणि ओट्यावरचा धूर जिथल्या तिथे. पंखा ओट्याजवळ नेला, पुढची खिडकी थोडी उघडी ठेवली, तेव्हा कुठे धूर वाटेला लागला.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढा. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं दगावतात.

प्युरिफायर सूक्ष्म धूळ धरतो, ओल आणि कोंदटपणा नाही. शिवाय खिडक्या उघड्या असतील तर तो रस्त्यावरची हवा गाळत बसतो. रस्त्याला लागून घर असेल किंवा घरात दम्याचं माणूस असेल तर निजायच्या खोलीपुरता घ्या. खोक्यावर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, बघा: १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर, तासाला पाच वेळा हवा गाळायची तर हा आकडा १७० तरी असावा. फिल्टर बदलायचा खर्च आधीच विचारा.

एसीनेही खोली थंड होते, हवा ताजी होत नाही. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो.

आमचा क्रम भिंत, एक्झॉस्ट, गच्ची असा लागला. प्युरिफायर अजून आलेला नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की भाऊ विषय काढतो, आणि त्या चार दिवसांत मलाही त्याचं म्हणणं पटतं.