पारदर्शक वाटीचं वॉटर सेपरेटर : वस्तू कामाची, खालचा नॉब मात्र भंगार

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर दहा चाकी ट्रकला बाहेरचं वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) बसवलं, वर हातानं डिझेल ओढायचा हँडपंप, खाली आरपार दिसणारी वाटी आणि वाटीच्या बुडाला पाणी सोडायचा प्लास्टिकचा नॉब. कंपनीचं नाव टाकत नाही, क्लेमचं भांडण अजून चालू आहे. गाडी बीएस फोर (प्रदूषणाच्या नियमाचा टप्पा), कॉमन रेल (म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जाड पाइपातून, रेलमधून, जोराच्या दाबानं डिझेल), चोपडा-शिरपूरकडनं केळी भरायची आणि बिजासन घाट चढून सेंधवा, इंदूर, पुढे दिल्ली. मायक्रॉन-बियक्रॉन (किती बारीक कचरा अडतो ते) डब्यावर छापलेलं असतं ते वाचून घ्या, मी वापरल्यावर काय झालं ते सांगतो.

पावसाळाभर एकदम खूश होतो. डिझेल हलकं, पाणी जड, त्यामुळे पाणी वाटीच्या तळाला बसतं आणि गाडी थोडा वेळ उभी ठेवली की खाली मण्यासारखे थेंब हलताना दिसतात. नॉब ढिला करायचा, पाणी जाऊ द्यायचं, स्वच्छ डिझेल यायला लागलं की बंद. रात्री गाडी अर्ध्या टाकीवर उभी राहिली की टाकीच्या आतल्या पत्र्याला घाम सुटतो, त्यातलं बरंचसं पाणी हेच, उगाच दरवेळी पंपवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. तरी पंपावर टँकर नुकताच खाली होत असेल तर मी पुढच्या पंपावर जातो, त्या वेळी खालचा गाळ ढवळलेला असतो. मेन फिल्टर पण जास्त टिकला, तेव्हा मी चार जणांना सांगितलं की पैसे वसूल, बसवून टाका.

होळीनंतर ऊन तापलं आणि नाटक सुरू झालं. पळासनेरच्या पुढे चढ लागला की गाडी लोड घेईना, पिकअप गायब, चेक लाइट लागायचा, बाजूला घेऊन बंद करून परत सेल्फ मारला की बराच वेळ फिरून चालू व्हायची. सपाट रोडला काही नाही. सकाळी पहिल्या सेल्फला पण त्रास. आणि यात गंमत म्हणजे टाकी फुल असली की गाडी सरळ, अर्ध्याच्या खाली आली की रडगाणं. खाली केळी भरलेली आणि वर ते ऊन, घाटात उभं राहणं म्हणजे व्यापाऱ्याचे फोन वेगळेच.

वर्कशॉपला नेली. लॅपटॉप लावला, रेल प्रेशर कमी. लगेच सल्ला, हाय प्रेशर पंप उतरवा, नोझल टेस्टिंगला पाठवा, आकडा ऐकून मी चहा अर्धा सोडून उठलो. अरे बाबा, लॅपटॉप एवढंच सांगतो की रेलमध्ये पाहिजे तेवढं प्रेशर बनत नाहीये. का बनत नाही ते तो सांगत नाही. पंपापर्यंत डिझेलच पुरेसं पोचत नसेल, किंवा डिझेलबरोबर हवा येत असेल तर नवा पंप टाकून पण तेच होणार. साधी जाळी चोक झाली तरी हाच कोड.

धुळ्याच्या जुन्या मिस्त्रीनं एका मिनिटात ऐकून सांगितलं, "पंप खोलू नको भाऊ, गाडी हवा पकडी राहिनी." म्हणजे डिझेलबरोबर हवा ओढतेय. मी म्हटलं नाना, चालू गाडीत एक थेंब गळत नाही कुठे. तर तो हसला. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल खेचणारा पंप) लाइन ओढीवर चालते, तिथं फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून गाडी खालून कोरडी ठणठणीत दिसते. फीड पंपाच्या पुढे फट असेल तर मात्र गळतं.

मग त्यानं आधी टाकीचं झाकण उघडून पाहिलं, झाकणाचं हवेचं भोक बुजलं असतं तर टाकीत ओढ बसून उघडताना सुस्स आवाज आला असता, तसं काही नव्हतं. नंतर टाकीची लाइन काढून फीड पंपाला सरळ डिझेलच्या कॅनमधून पारदर्शक पाइप दिला. गाडी मस्त. म्हणजे पंप, नोझल सगळं बरं, भानगड टाकी ते फीड पंप या मधल्या भागात. सेपरेटर परत जोडला, रेस दिली आणि मला म्हणाला वाटीत बघ. बारीक बुडबुडे. टाकीकडून येणाऱ्या तोंडातून नाही, वाटीच्या बुडातून, त्या नॉबच्या बाजूनं एकामागे एक वर येत होते.

नॉबच्या आतली ओ रिंग (गळती अडवणारी गोल रबरी रिंग) कडक होऊन चिरली होती आणि प्लास्टिकचा आटा घासला होता. एवढीशी रिंग! फुल टाकीला डिझेलची पातळी वाटीच्या वर राहते म्हणून हवा घुसत नव्हती, खाली आली की घुसायची, फुल टाकीच्या रात्री चेसीवर जो ओला डाग दिसायचा तो पण हाच. साडेतीन हजाराच्या आसपासची वस्तू, पितळी कॉक (छोटी तोटी) टाकला असता तर शंभर-दीडशेचा फरक, पण नाही. पाणी सोडण्यासाठी जी गोष्ट रोज फिरवायची तीच प्लास्टिकची! वरचा हँडपंप, ब्रॅकेट, रंग सगळं दणकट, आणि बुडाला खेळण्यातला नॉब. कंपनीला फोन केला तर म्हणे रिंग सुटी मिळत नाही, वाटी पूर्ण घ्या, आणि क्लेम नाही कारण गाडी कमर्शियल. ट्रकचं सेपरेटर मी काय स्कूटरला लावणार होतो?

मिस्त्रीनं मापाची रिंग टाकून दिली, जोडीला बॅन्जो बोल्टची (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वायसरं नवीन टाकली, ती एकदा दाबली गेली की परत नीट बसत नाहीत, वाचवायला जाऊ नका. हँडपंप घट्ट होईपर्यंत मारला आणि गाडी अर्ध्या सेल्फला चालू. घाट परत चढलो, थर्डमध्ये आरामात.

आता इथं माझं मत परत फिरलं. नॉबनं त्रास दिला हे खरं, पण पत्र्याचा बंद फिल्टर असता तर बुडबुडा दिसलाच नसता आणि पंप उतरला असता. म्हणून वाटीवालाच घ्या, पण घेतल्या दिवशी नॉब बदला. आणि जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या ड्रायव्हरांनी एक ऐका, कॉमन रेलला इंजिन चालू ठेवून नोझलचे पाइप ढिले करून एअर काढू नका, आयडलला पण दोनशे-तीनशे बार प्रेशर असतं, लोडवर हजाराच्या वर, ती धार चामडी फोडून आत जाते. एअर हँडपंपानंच काढायची.

सध्या पाचपैकी तीन स्टार, पितळी कॉक मिळाला तर चार करीन. धुळ्यात दोन-तीन दुकानं फिरलो, आटा जुळत नाही. जळगाव-भुसावळकडे कुणाला मिळाला असेल तर दुकान सांगा, टर्नरकडून करून घेतला असेल तर किती घेतले ते पण लिहा.