क्रूझच्या बंदरात उतरावे की जहाजावरच थांबावे?

क्रूझचे बुकिंग झाले की पुण्यातल्या घरांत पहिले काही आठवडे केबिनची चर्चा चालते. बाल्कनी घ्यावी का, मजला कोणता, शाकाहारी जेवणाचे कळवून ठेवले का, हे सगळे विचारले जाते आणि सांगणारेही पुष्कळ भेटतात. वाटेत लागणाऱ्या बंदरांत उतरायचे की नाही हे मात्र कोणी विचारत नाही, कारण उतरायचेच असते असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. "एवढे पैसे भरून जहाजावर बसून राहायचे?" हा प्रश्न मलाही घरातून आणि बाहेरून अनेकदा ऐकावा लागला आहे. तरीही तीन सफरींनंतर माझे मत हळूहळू थांबण्याच्या बाजूला झुकले आहे. ते का झुकले आणि कोणत्या बंदरांत ते मला सोडून द्यावे लागले, ते सविस्तर लिहितो. ठरवायच्या बेतात असलेल्यांना त्याचा थोडाफार उपयोग व्हावा.

आमची मोठी सफर भूमध्य समुद्रातली सात रात्रींची होती. रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदरातून निघून ग्रीसमधले सँटोरिनी बेट, तुर्कस्तानातले कुशादासी, पुन्हा ग्रीसमधले मिकोनोस बेट आणि इटलीतले नेपल्स करून परत तिथेच यायचे होते. बरोबर पत्नी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई होती. सँटोरिनीच्या दिवशी आईने गुडघ्यांमुळे जहाजावर थांबायचे ठरवले आणि आम्ही दोघे जहाजाच्याच सहलीने उतरलो.

सँटोरिनीला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज पाण्यात उभे राहते आणि टेंडर म्हणजे छोट्या बोटींनी माणसे किनाऱ्यावर नेतात. सकाळी आठ वाजता आम्ही जहाजाच्या नाट्यगृहात छातीवर क्रमांकाचे स्टिकर लावून बसलो. क्रमांक पुकारला गेला तेव्हा आठ पन्नास झाले होते. बोटीने अथिनिओस बंदराला, तिथून बसने नागमोडी घाट चढून ईया गावात पोचेपर्यंत सव्वादहा वाजले. ईयाला सव्वा तास मिळाला. मग बसने फिरा या मुख्य गावात आलो आणि जेवण धरून तिथेही सव्वा तास मिळाला. तिथे मार्गदर्शकाने केबल कारचे तिकीट हातात दिले, खाली उतरून जुन्या बंदरातून बोट घ्या असे सांगितले आणि निरोप घेतला.

माझा निर्णय झाला तो इथे. फिरा गाव सुमारे २२० मीटर उंच कड्याच्या टोकावर वसलेले आहे आणि जुने बंदर त्या कड्याच्या तळाशी आहे. खाली जायला केबल कार आहे, नाहीतर सुमारे सहाशे पायऱ्यांची वाट आहे. त्या पायऱ्यांवरून खेचरांची ये-जा चालते, त्यामुळे त्या निसरड्या असतात आणि लिदीने माखलेल्या असतात. त्या दिवशी पाण्यात आणखी दोन जहाजे उभी होती. तिन्ही जहाजांची माणसे, सहलीने आलेली असोत की स्वतःहून, त्याच एका केबल कारच्या दाराशी येऊन उभी होती. सव्वा वाजता आम्ही रांगेत लागलो. गल्ली अरुंद, डोक्यावर ऊन, दोन्ही बाजूंना दुकाने आणि बसायला जागा कुठेच नाही. पायऱ्यांनी उतरण्याचा विचार केला, पण पत्नीच्या चपला त्यासाठी योग्य नव्हत्या, आणि पुढे गेलेले काही जण अर्ध्या वाटेवरून परत येताना दिसले. पाच मिनिटे कमी तीन वाजता आम्ही केबल कारमध्ये बसलो. खाली बोटीसाठी पुन्हा रांग होती. जहाजावर पाऊल ठेवले तेव्हा तीन चाळीस झाले होते. म्हणजे सात तास चाळीस मिनिटांत दोन्ही गावे मिळून आम्हाला अडीच तास मिळाले. रविवारी सिंहगडावर जाताना गोळेवाडीच्या आधी गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या माणसाला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच की सिंहगडावर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते.

संध्याकाळी आईला विचारले, दिवस कसा गेला. ती दिवसभर वरच्या डेकवर सावलीत बसून होती. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटात ज्वालामुखीचा मधला भाग कोसळून समुद्र आत शिरला आणि उरलेली कड म्हणजे आजचे सँटोरिनी. कड्यावर बर्फासारखी दिसणारी पांढरी गावे, मध्ये काळ्या लाव्ह्याचे छोटे बेट आणि सकाळपासून दुपारपर्यंत बदलत गेलेला कड्याचा रंग, हे सगळे तिने एका जागेवरून पाहिले होते. आम्ही कड्याच्या माथ्यावर होतो, त्यामुळे कडा आम्हाला दिसलाच नव्हता. तिच्या फोनमधली छायाचित्रे पाहताना मला पहिल्यांदा वाटले की आमच्या दोघांपेक्षा सँटोरिनी तिने अधिक पाहिले.

इथे एक नवी गोष्ट नोंदवून ठेवतो. २०२५ च्या उन्हाळ्यापासून ग्रीस सरकार सँटोरिनी आणि मिकोनोसला क्रूझमधून उतरणाऱ्या प्रवाशांकडून, हंगामाच्या ऐन महिन्यांत, माणशी २० युरो शुल्क घेते. रक्कम मोठी नाही, पण पारड्यात ती उतरण्याच्या विरुद्ध बाजूलाच पडते.

दुसऱ्या दिवशी कुशादासीला मी आईबरोबर थांबलो आणि पत्नी एकटीच सहलीबरोबर एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष पाहायला गेली. त्या दिवशी तिचाच निर्णय योग्य ठरला, हे मला मान्य करायला हवे. कुशादासीला जहाज थेट धक्क्याला लागते, बस धक्क्याच्या तोंडाशीच उभ्या असतात आणि एफेसस सुमारे वीस किलोमीटरवर आहे. सकाळी निघून ती दुपारच्या जेवणाला परत आली. संगमरवरी रस्ता, दुसऱ्या शतकातल्या सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग, डोंगराच्या उतारात बसवलेले प्रचंड नाट्यगृह, हे सगळे तिने निवांत पाहिले. तो तिच्या संपूर्ण प्रवासातला सर्वांत चांगला दिवस होता असे ती आजही सांगते. जिथे पुन्हा येणे होणार नाही तिथे उतरावेच, हे तिचे म्हणणे आहे. उतरण्याच्या बाजूने यापेक्षा सबळ कारण मला सापडलेले नाही.

या दोन दिवसांनी मला एक गोष्ट शिकवली. पाहायचे ठिकाण किती सुंदर आहे, हे आपण सगळे विचारतो. विचारायला हवे ते हे की परत यायची वाट किती अरुंद आहे. जातानाची माणसे निरनिराळ्या वेळी सुटतात, पण परतायची वेळ सगळ्यांची एकच असते, आणि वाटेत केबल कार, टेंडर बोट किंवा एकच चिंचोळा रस्ता असेल तर सारे तिथेच तुंबतात.

नेपल्सला हा प्रश्न उद्भवला नाही. जहाज जवळजवळ शहराच्या मध्यात लागते, कास्तेल नुओवो हा किल्ला बंदरासमोर दिसतो आणि पायी फिरून हवे तेव्हा परत येता येते. ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेलेले पाँपेई हे प्राचीन शहर तिथून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. आम्ही शहरच पायी पाहिले आणि समाधानाने परतलो. रोमचे मात्र वेगळे आहे. चिविताव्हेक्कियापासून ते सत्तर किलोमीटरहून दूर आहे. सफर तिथूनच सुरू होत असेल तर रोमसाठी आधी दोन दिवस वेगळे ठेवावेत. ते वाटेतले बंदर म्हणून येत असेल तर एका दिवसात जाऊन-येऊन रोम पाहिल्याचे समाधान मिळते का, याबद्दल मला शंका आहे.

पुढची सफर सिंगापूरहून चार रात्रींची, पेनांग आणि फुकेटची होती. पेनांगला स्वेटनहॅम पिअरवरून बाहेर पडले की काही मिनिटांत कॉर्नवॉलिस किल्ला लागतो आणि तसेच पुढे चालत गेले की जॉर्जटाउनचा जुना भाग. हा भाग २००८ पासून मलाक्कासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. लिटल इंडियात केळीच्या पानावर शाकाहारी जेवण मिळाले, १८३३ सालचे महामारिअम्मन मंदिर पाहिले, आणि आई थकली तेव्हा सायकल रिक्षा करून धक्क्यावर परत आलो. अशा बंदरात जहाजावर बसून राहणे मला स्वतःला पटले नसते.

फुकेटला जहाज पाटोंगच्या उपसागरात नांगरले आणि पुन्हा टेंडर आल्या. या वेळी आम्ही तिघेही थांबलो. तो दिवस कसा गेला हे जरा तपशिलाने सांगतो, कारण थांबणाऱ्याला काय मिळते याची कल्पना आधी कोणी देत नाही. साडेनऊनंतर जहाज रिकामे व्हायला लागले. एरवी सकाळी सात वाजता टॉवेल टाकून अडवलेल्या आरामखुर्च्या मोकळ्या होत्या, लिफ्ट लगेच येत होती आणि पोहण्याच्या तलावात जेमतेम आठ-दहा माणसे होती. समोर हिरव्या टेकड्या आणि मध्ये लांब शेपटीच्या लाकडी होड्या. गर्दीमुळे आधीचे दोन दिवस न झालेले आईचे डेकवरचे फिरणे त्या दिवशी निवांत झाले. साडेतीनपर्यंत हे असेच राहिले, मग बोटी भरून परत यायला लागल्या.

गैरसोयीही सांगायला हव्यात. जहाज बंदरात असताना कॅसिनो आणि करमुक्त दुकाने बंद ठेवावी लागतात. दुपारी मुख्य भोजनगृह उघडले नाही. बुफे चालू होता, पण पदार्थ नेहमीपेक्षा कमी होते, आणि आईला दहीभात मिळाल्यामुळे आमचे निभावले. कर्मचाऱ्यांचा जीवरक्षक बोटी उतरवण्याचा सराव बहुधा बंदराच्या दिवशीच घेतात. त्याचे भोंगे आणि घोषणा अर्धा-पाऊण तास चालल्या, तेवढा वेळ झोप शक्य नव्हती. जहाज उभे असल्याने वाराही पडतो आणि दुपारी उघड्या डेकवर बसवत नाही. ज्यांना दिवसभर कार्यक्रम हवे असतात त्यांना हा दिवस रिकामा वाटेल, हे मी नाकारत नाही.

फुकेटला आमच्या शेजारच्या केबिनमधल्या कुटुंबावर आलेला प्रसंग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. जहाजाची घड्याळे सिंगापूरच्या वेळेवर होती आणि थायलंडची वेळ त्याहून एक तास मागे आहे. किनाऱ्यावर मोबाइलने आपोआप थायलंडची वेळ धरली आणि त्यांना वाटले की शेवटच्या बोटीला अजून एक तास आहे. एका कर्मचाऱ्याने किनाऱ्यावर हटकले म्हणून ते वेळेत परतले. उतरणाऱ्याने मनगटावर साधे घड्याळ बांधावे आणि ते जहाजाच्या वेळेवरच ठेवावे. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी ते थांबेलच असे नाही, आणि मग पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठावे लागते.

थांबले म्हणजे व्हिसाची कटकट वाचते असे काही जण समजतात, ते बरोबर नाही. वाटेतल्या देशांना लागणारी कागदपत्रे जहाजावर चढण्यापूर्वीच तपासली जातात, मग तुम्ही उतरा किंवा उतरू नका. भूमध्य समुद्रातल्या आमच्यासारख्या मार्गावर तुर्कस्तान करून पुन्हा ग्रीसमध्ये शिरायचे असल्याने शेंगेन व्हिसाही एकापेक्षा अधिक प्रवेशांचा लागतो. बंदराचे करही तिकिटात आधीच भरलेले असतात. वाचतो तो मुख्यतः सहलीचा खर्च, आणि तीन माणसांचा मिळून तो कमी नसतो.

बॅलार्ड पिअरहून निघणाऱ्या मुंबई-गोवा सफरीबद्दल पुणेकरांनी फार विचार करू नये असे मला वाटते. मुरगाव हे कोळसा आणि खनिज हाताळणारे बंदर आहे, पणजी तिथून लांब पडते आणि गोवा आपल्याला रात्रीच्या बसने केव्हाही जाता येण्यासारखा आहे. मित्रांबरोबरच्या त्या सफरीत मी उतरलो नाही. बाल्कनीतून दिसणारे दृश्य रमणीय नव्हते हे खरे, तरी दिवस चांगला गेला.

घरात लहान मुले असतील किंवा हाताशी आयुष्यातली एकच सफर असेल तर माझे मत थोडे बाजूला ठेवावे. घरात वृद्ध असतील तर मात्र टेंडरच्या बंदराची चौकशी बुकिंगच्या वेळीच करावी. लाटा असल्या की चाकाची खुर्ची घेऊन बोटीत चढू देत नाहीत आणि ते बहुधा त्याच दिवशी सकाळी कळते.

पुढच्या सफरीसाठी आम्ही बार्सिलोनाहून निघणारा मार्ग पाहत आहोत, त्यात मार्सेय, जिनोआ आणि चिविताव्हेक्किया आहेत. जिनोआला धक्क्यावरून जुन्या शहरात पायी जाता येते, तिथे तिघेही उतरू. चिविताव्हेक्कियाला आई आणि मी जहाजावर थांबणार आहोत. मार्सेयला क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून काही किलोमीटर दूर आहे आणि मध्ये शटल बस घ्यावी लागते. त्या बसची परतीची रांग किती मोठी असते याची मी सध्या चौकशी करतो आहे, आणि पत्नीने तिथे उतरायचे आधीच ठरवले आहे.