तहहयात की १८ वर्षं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट साध्या बहुमताने मंजुरी देते. पुढे निवृत्तीचं वयच नाही. क्लॅरेन्स थॉमस १९९१ पासून तिथे आहेत. कुणाची मर्जी राखावी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण जागा कधी रिकामी होईल, हे नशिबावर. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना चार वर्षांत एकही नेमणूक करता आली नाही, ट्रम्प यांना पहिल्याच कारकिर्दीत तीन! २०२० मध्ये तर न्यायाधीश गिन्सबर्ग वारल्या आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आठवड्यावर आलेली असताना त्यांच्या जागी बॅरेट यांना मंजुरी मिळाली.

१८ वर्षांची मुदत ठेवली तर दर दोन वर्षांनी एक जागा, म्हणजे प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला चार वर्षांत दोन. बायडेन यांनी २०२४ मध्ये हेच सुचवलं होतं. मला हाच पर्याय पटतो. निर्भयपणे निकाल द्यायला १८ वर्षं भरपूर झाली.