प्रवासी राउटर: अनेक महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः त्याच्या घड्याळाविषयी

हॉटेल किंवा विमानतळावरच्या खुल्या वायफायला लॅपटॉप थेट जोडावा लागू नये, म्हणून घेतलेल्या या खिशात मावणाऱ्या राउटरविषयीचे माझे मत वापरादरम्यान पार बदलले. वेग आणि रेंज यांबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे, त्यामुळे ते येथे सोडून देतो.

मूळ काम तो चोख करतो. हॉटेलच्या लॉगिन पानावर एकदाच नोंद केली की बरोबरच्या सर्वांची उपकरणे आपल्याच नेटवर्कवर येतात. बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात पाठवणाऱ्या पद्धतीवर, असल्याने मजकूर तसाही झाकलेला असतो. परंतु आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो हे साध्या डीएनएसमधून, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारणाऱ्या विनंत्यांमधून, वायफाय चालवणाऱ्याला दिसू शकते, आणि ते मला मान्य नाही. म्हणून वायरगार्ड हे व्हीपीएन (सारी वाहतूक झाकून दूरच्या सर्व्हरपर्यंत नेणारी जोडणी) आणि ते तुटताच सारी वाहतूक रोखणारा किल स्विच, दोन्ही मी कायम चालू ठेवतो.

मात्र नव्या मुक्कामी राउटर लावला की पुष्कळदा व्हीपीएन जोडलेच जात नसे आणि त्याचे कारणही कोठे दिसत नसे. सेवा केंद्राने आधी फॅक्टरी रीसेट करायला सांगितले, मग हॉटेलच्या वायफायला दोष दिला आणि शेवटी किल स्विच बंद ठेवण्याचा सल्ला दिला. सुरक्षिततेसाठीच घेतलेल्या उपकरणाबाबत असा सल्ला मिळावा, याचा मला आजही संताप येतो.

खरे कारण असे की, या राउटरच्या घड्याळाला बॅटरीच नाही. वीज काढून पुन्हा लावली की तो शेवटी साठवलेल्या फाइलची वेळ धरून चालू होतो. वायरगार्डच्या पहिल्याच संदेशात वेळेची नोंद असते, आणि ती आधीच्या नोंदीपेक्षा जुनी असली, तर कोणीतरी पकडलेला संदेश पुन्हा पाठवत असावा असे धरून सर्व्हर तो उत्तर न देता टाकून देतो. सर्व्हरचे हे वागणे योग्यच आहे. परंतु इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीची विनंतीही किल स्विच अडवत होता. म्हणजे वेळेसाठी इंटरनेट हवे, इंटरनेटसाठी व्हीपीएन हवे आणि व्हीपीएनसाठी अचूक वेळ हवी.

तोवर हा राउटर घेऊ नका असेच मी सांगत होतो. नंतर आलेल्या फर्मवेअरने, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने, फक्त एनटीपीला, म्हणजे यूडीपी पोर्ट १२३ ला, किल स्विचमधून वाट दिली आणि तेव्हापासून ही तक्रार उरलेली नाही. आता मी तो घ्यायला सांगेन. फक्त पहिल्या प्रवासाआधी, घरच्याच नेटवर्कवर, फर्मवेअर अद्ययावत करून घ्यावे.

तरीही गुण देताना एक तारा राखून ठेवतो. साध्या एनटीपीत उत्तराची सत्यता तपासली जात नाही. एखाद्या लबाड नेटवर्कने पुढच्या वर्षाची वेळ दिली आणि त्या वेळेनिशी जोडणी झाली, तर सर्व्हर तीच लक्षात ठेवून नंतरचे खरे संदेश नाकारू शकतो. घड्याळासाठी नाण्याएवढी बॅटरी बसवली असती, तर यातले काहीच करावे लागले नसते.